काचेवरचे काळे धागे आणि आमच्या डॉक्टरबाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, या रुग्णालयाचे अधिष्ठाता महोदय. व्यासपीठावर विराजमान झालेले शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख, ज्यांचा उल्लेख माझ्या बोलण्यात पुढे येणार आहे, तेव्हा सर, आपण आत्ताच पाणी पिऊन घ्यावं. क्ष-किरण विभागाच्या प्रमुख बाई. आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई, ज्यांना स्वतःचं कौतुक ऐकवत नाही आणि ज्या मघापासून हारातली फुलं मोजत बसल्या आहेत. सभागृहातील डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि विद्यार्थी मंडळी. आणि चहा कधी आत येतो याकडे डोळे लावून मागच्या दाराशी उभे असलेले माझे खरे श्रोतेहो, आपणा सर्वांना मनापासून नमस्कार.

माझ्या आधी जे बोलले ते सगळे विद्वान. त्यांनी डॉक्टरबाईंच्या प्रबंधाचं नाव सांगितलं. ‘स्तनाच्या कर्करोगाच्या आणि साध्या गाठींमधील लवचीक ऊतींतले बदल.’ हे नाव एका दमात म्हणता यावं म्हणून मी सकाळपासून आरशासमोर सराव केला आहे, म्हणून टाळ्या वाजवायच्या असतील तर आत्ता वाजवा, पुन्हा म्हणायला सांगू नका. अध्यक्षांनी मला विचारलं, “बाई, आपण कोणत्या विभागाच्या?” मी म्हटलं, “क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर.” मी मोटार शिकवते. या व्यासपीठावर डॉक्टरेट नसलेली मी एकटीच आहे, पण डॉक्टरबाईंना ओरडायचा अधिकार मिळालेलीही मी एकटीच, हे लक्षात असू द्या.

झालं असं, की त्यांच्या यजमानांची नजर अधू झाली. तोवर तेच बाईंना सोडायचे, आणायचे. मग पन्नाशी उलटून गेलेल्या बाई एके दिवशी आमच्या शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मला गाडी यायला हवी.” पहिल्या तासाला गाडीत बसल्यावर मी विचारलं, “काय करता आपण?” तर म्हणाल्या, “मी लोकांचे तुकडे बघते.” आता तुम्हीच सांगा, बंद गाडीत शेजारी बसलेली अनोळखी बाई असं म्हणाली तर माणूस काय करेल? मी हळूच दाराच्या कडीवर हात ठेवला. पुढे मी इथं आले तेव्हा पाटी वाचली, ‘विकृतिशास्त्र विभाग’. तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

बाई गाडी कशी चालवायच्या? चालवायच्या कुठं, थांबवायच्या. शिकवणीच्या गाडीत माझ्याही पायाशी एक ब्रेक असतो. माझ्या आख्ख्या कारकिर्दीत त्या ब्रेकला पाय न लावता तास संपला असेल तर तो फक्त यांच्याबरोबर. रिकामा सरळ रस्ता, आणि गाडी उभी.

“का थांबलात?”

“तिकडे काहीतरी आहे.”

“काय आहे?”

“अजून कळलं नाही. कळलं की निघू.”

ते ‘काहीतरी’ म्हणजे वाऱ्यानं उडालेली पिशवी होती. मागे भोंग्यांचा गजर चाललेला, मी कपाळाला हात लावलेला, आणि या शांतपणे काचेतून बघतायत. परवाना देणारे साहेब त्यांना नापास करताना मला म्हणाले, “चूक एकही नाही हो, पण यांच्या गाडीत बसून माझं वय झालं.” आमच्या शाळेत त्यांचं नाव पडलं ब्रेकबाई. त्यांना ते माहीत होतं. त्या मला मास्तरीणबाई म्हणायच्या, हिशेब चुकता.

त्याच दिवसांत अंघोळ करताना छातीत माझ्या हाताला गाठ लागली.

सभागृहात बायका पुष्कळ आहेत, म्हणून त्या क्षणाचं वर्णन करत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मी इथं आले. सरांनी तपासलं. गाठ दगडासारखी, जागची हलत नव्हती. मग क्ष-किरणांचा फोटो काढला, आणि त्या फोटोत आला एक तारा. मधे पांढरा ठिपका आणि चहूबाजूंनी निघालेल्या सळया. आभाळात असता तर छान म्हटलं असतं. सर चष्मा काढून म्हणाले, “बाई, मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. हे मला चांगलं दिसत नाही.” मग सुईनं तुकडा काढला आणि वरच्या मजल्यावर पाठवला. वरच्या मजल्यावर कोण? आमच्या ब्रेकबाई.

दुसऱ्या दिवशी त्यांचा तास होता. मला वाटलं, या येणार नाहीत. आल्या. बसल्या, पट्टा लावला, आरसे नीट केले आणि किल्लीला हात न लावता म्हणाल्या, “मास्तरीणबाई, तुमचा तुकडा माझ्याकडे आलाय. हे मी गाडीत बोलायला नको.”

“मग बोलू नका. पण काय आहे?”

“अजून कळलं नाही.”

मला सांगायला लाज नाही, मी त्या दिवशी गाडीतच रडले. आणि बाईंनी काय करावं? समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. गाडी सुरू केली, आणि शहराला एक आख्खी चक्कर मारून आणली, एकदाही न थांबता. मी डोळे पुसत म्हटलं, “अहो, येते की तुम्हाला!” तर म्हणाल्या, “आज रस्त्यात काही दिसलंच नाही.”

आता सरांनी पाणी प्यायलं असेल असं मी गृहीत धरते.

त्या आठवड्यात इथं डॉक्टरांची बैठक झाली. मी तिथं नव्हते. हे मला सरांनीच नंतर सांगितलंय, आणि आज सांगायची परवानगीही त्यांनीच दिली आहे. त्यांचं मन त्यांच्या शस्त्राइतकंच स्वच्छ आहे. सरांचं म्हणणं, गाठ टणक, फोटो असा, उशीर कशाला, पूर्ण स्तन काढू. तारीखही धरून ठेवलेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, “फक्त गाठ काढा. पूर्ण काढा, अख्खी मला द्या. मग बोलू.”

सर म्हणाले, “आणि कर्करोग निघाला तर? पुन्हा भूल, पुन्हा टाके. त्या बाईंना मी काय तोंड दाखवू?”

“सांगा की मी थांबवलं. माझं नाव सांगा.”

“म्हणजे तुमच्या मते हा कर्करोग नाही?”

“असं मी म्हणालेच नाही. आहे असं म्हणावं इतकं मला त्या तुकड्यात दिसत नाही, एवढंच म्हणतेय.”

बैठकीत बरीच कुजबुज झाली म्हणे. एवढी वर्षं सूक्ष्मदर्शकावर मान मोडून बसल्यावर असं अर्धवट बोलतात का, असंही कोणी पुटपुटलं. ते इथं असतील तर त्यांनी हात वर करण्याची गरज नाही. पण सरांनी मोठेपणा दाखवला. दोन्ही बाजू माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, निर्णय तुमचा.

आमचे हे म्हणाले, “सगळं काढून टाक आणि मोकळी हो. तू हवीस मला, बाकी काही नको.” किती चांगलं बोलले होते! लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं चांगलं बोलले आणि नेमकं तेच मला ऐकायचं नव्हतं. मी तडक वरचा मजला गाठला. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेल्या. मी विचारलं, “तुम्हाला खात्री आहे का?”

“नाही.”

“मग कशाच्या जोरावर थांबवता मला?”

त्यांनी डोळे वर केले. “खात्री नाही, म्हणूनच थोडं काढा म्हणतेय. उद्या जास्त काढावं लागलं तर काढता येईल. काढलेलं परत लावता येत नाही.”

मी सही केली. फक्त गाठ निघाली. नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. त्या दिवसांत जे माझ्याकडे शिकले ते आजही चौकात विनाकारण दचकतात.

आणि मग एका दुपारी सर स्वतः आमच्या शाळेत आले. मी एका आजोबांना गाडी मागे कशी घ्यायची ते शिकवत होते. सर गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाले, “बाई, कर्करोग नाही. मी हरलो, आणि हरून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.” आजोबांना कोण कुठल्या खेळात हरलं ते कळलं नाही, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

हे कसं ठरलं, ते डॉक्टरबाईंनी मला नंतर समजावलं. त्यांच्या पोथीतलं मी माझ्या भाषेत सांगते. चुकलं तर विद्यार्थ्यांनी परीक्षेत लिहू नये. आपल्या अंगात बारीक बारीक लवचीक धागे असतात. परकराच्या नाडीऐवजी आपण इलॅस्टिक घालतो ना, तसे. छातीत ते दुधाच्या नळ्यांभोवती आणि रक्तवाहिन्यांभोवती नाजूक विणलेले असतात. साध्या गुळगुळीत गाठींमध्ये बहुतेक वेळा त्यांचं काही फारसं बिघडत नाही. कर्करोगात मात्र पुष्कळदा हे धागे वाढतात, गोळा होतात, त्यांचे पुंजके होतात. एक खास रंग लावला की ते काचेवर काळेभोर दिसतात. मग सोपं झालं की! काळं दिसलं की कर्करोग, नाही तर नाही. बाई म्हणाल्या, “इतकं सोपं असतं तर मी प्रबंध कशाला लिहिला असता?” कारण एक साधा व्रणही असतो, ताऱ्यासारखा पसरणारा. त्याच्याही मधोमध हेच काळे धागे गच्च साठतात, आणि आजूबाजूचं सगळं आत ओढून घेतात. हाताला टणक, फोटोत सळया. बाहेरून हुबेहूब कर्करोग. माझी गाठ म्हणजे असाच व्रण.

मग फरक कुठं? त्या गच्च काळ्या धाग्यांत अडकलेल्या नळ्यांमध्ये. माझ्या नळ्या दबलेल्या, वेड्यावाकड्या झालेल्या, पण प्रत्येक नळीला पेशींच्या दोन रांगा होत्या. एक आतली, आणि तिच्या बाहेरून राखण करणारी दुसरी. कर्करोगात ती बाहेरची रांग उरत नाही. सुईच्या इवल्याशा तुकड्यात बाईंना ती दुसरी रांग काही ठिकाणी दिसली होती, काही ठिकाणी दिसत नव्हती. म्हणून त्यांना अख्खी गाठ हवी होती.

इथवरची गोष्ट मी गावभर केली. ज्याला ऐकायची होती त्याला सांगितली, ज्याला नव्हती त्याला गाडीत बसवून सांगितली. मोठे सर्जन कसे चुकले आणि आमची ब्रेकबाई कशी जिंकली! काय रंगवून सांगायचे मी!

आता मी तुमची थोडा वेळ गंभीर व्हायची परवानगी मागते.

माझी एक नणंद आहे. आमच्या ह्यांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. पोस्टाच्या खिडकीवर त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या जिभेला तिकिटापेक्षा जास्त गोंद आहे, एकदा चिकटली की सुटत नाही. माझी सुटका झाली म्हणून घरी सगळे जेवायला जमले होते. वन्संनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हसत हसत म्हणाल्या, “वहिनी, मलाही आहे गं एक. बरेच दिवस झाले. पण तुझ्यात काही निघालं नाही, म्हणजे माझ्यातही तसलंच असणार.”

माझ्या हातातलं पातेलं तसंच ओट्यावर राहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी त्यांना इथं आणलं. ओढत आणलं म्हणा. तीच तपासणी, तोच फोटो, तसाच तारा. वन्संनी तो पाहून विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं, जणू आम्ही दोघींनी एकाच दुकानातून साडी घेतली होती.

सुईनं काढलेला तुकडा वर गेला. वन्संना कर्करोग होता.

सरांनी सांगितलं, आणि वन्सं उठून सरळ घरी गेल्या. उपचार घेणार नाही म्हणाल्या. माझा फोन उचलेनात. भावाला म्हणाल्या, “तुझ्या बायकोच्या वेळी चुकलेच होते ना हे लोक? तसेच माझ्या वेळीही चुकलेत.” म्हणजे मी गावभर सांगत फिरलेली गोष्ट त्यांनी दाराला आतून कडीसारखी लावून घेतली होती. जितकं समजावलं, तेवढी कडी घट्ट. आणि दिवस तर थांबत नव्हते.

मी डॉक्टरबाईंकडे गेले. म्हटलं, “तुम्हीच तपासलंय ना? पुन्हा बघा.” त्या म्हणाल्या, “मी पुन्हा बघितलंय. आमच्या विभागातल्या दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलंय. काळे धागे तुमच्यासारखेच आहेत. पण बाहेरची रांग कुठेच नाही.” मग काच बाजूला ठेवून म्हणाल्या, “त्या राहतात कुठं?”

सभ्य स्त्री-पुरुषहो, तोवर बाईंना परवाना मिळालेला होता. परवान्याचे नवे साहेब बदलून आले होते, त्यांना वेळ भरपूर होता. बाईंनी स्वतः गाडी काढली. मी शेजारी. वन्संचं घर आलं, दार उघडलं, आणि वन्संनी माझ्याकडे न बघता डॉक्टरबाईंना म्हटलं, “तुम्ही आत या. हिला बाहेर राहू दे.”

बाई म्हणाल्या, “यांनी मला गाडी शिकवलीय. यांना बाहेर ठेवलं तर परत जाताना माझी पंचाईत होईल.”

तेव्हा वन्सं बाजूला झाल्या. आम्ही टेबलाशी बसलो. कुणी पाणी विचारलं नाही. वन्संनी एकदम तोंड उघडलं. “हिच्यातही तेच काळे धागे, माझ्यातही तेच. हिला सोडलं आणि मला धरलं. का? मी काय वाईट केलं होतं?”

मला वाटलं, आता बाई दोन रांगांचं समजावतील. त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही.”

“एवढ्या शिकलात, आणि माहीत नाही?”

“काय आहे ते मी सांगू शकते. ते मी पुन:पुन्हा बघून सांगतेय. का आहे, ते मला आजवर कुणाच्याच काचेवर दिसलेलं नाही. तुमच्या वहिनींच्याही नाही. त्यांनी काही चांगलं केलं होतं म्हणून त्या सुटल्या, असंही मला काही दिसलं नाही.”

वन्सं माझ्याकडे वळल्या. किती दिवसांनी त्यांनी माझ्याकडे बघितलं! म्हणाल्या, “वहिनी, मला तुझा राग येतो. तू सुटलीस म्हणून येतो.”

मी म्हटलं, “येऊ द्या, वन्सं. माझ्यावर रागवायला तुम्ही असायला हव्यात.”

त्या रडल्या, मी रडले, आणि डॉक्टरबाई आमच्या दोघींकडे अशा बघत राहिल्या, जणू रस्त्यात काहीतरी आहे आणि अजून कळलेलं नाही. शेवटी वन्संनी नाक पुसलं आणि विचारलं, “शस्त्रक्रियेला यायचं कधी?” आणि लगेच पुढे, “गाडी मात्र वहिनी चालवेल. या नकोत. खिडकीतून बघितलंय मी, कोपऱ्यावरून दारापर्यंत यायला यांना किती वेळ लागला ते.”

पुढचं सरांच्या हातातलं. सर, त्या वेळी तुमचा हात एकदाही चुकला नाही, हे मी या सभागृहात मोठ्यानं सांगते, कारण आधीची गोष्ट मी मोठ्यानं सांगितली होती. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, गोळ्या झाल्या. केस गेले नाहीत, पण तोंडाची चव गेली, आणि त्यामुळे माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला वन्संना आयतं निमित्त मिळालं. वाईट दिवसही होते. ते त्यांचे आहेत, ते मी इथं सांगणार नाही. काही वर्षं झाली आता. परवाच्या तपासणीत सगळं स्वच्छ आहे. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि माझं भाषण लांबलं म्हणून मला डोळ्यांनी दटावतायत.

आता एकच प्रसंग सांगते आणि थांबते. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी डॉक्टरबाईंना भेटायला गेलो. वन्संनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे फटकन विचारलं, “तुम्ही निघालात. आता आमच्याकडे कोण बघणार?” बाईंच्या जागी येणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंना त्यांनी हाक मारली. त्या इथं आहेत, लाजून मान खाली घालून बसल्यात. बाईंनी कपाटातून दोन काचा काढल्या, नावाचे कोपरे कागदानं झाकले, आणि म्हणाल्या, “बघा आणि सांगा.”

आम्ही दोघी स्टुलांवर शाळकरी मुलींसारख्या बसलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिली काच लावली. बघितली. दुसरी लावली. पुन्हा पहिली. किती वेळ बघत होत्या! वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला वाटलं, आता ही पोर घाईनं काहीतरी बोलून टाकेल. पण तिनं काच थोडी सरकवली, पुन्हा वाकली. डॉक्टरबाई भिंतीला टेकून उभ्या, चेहऱ्यावर काही नाही. अखेर तरुण बाईंनी मान वर केली आणि शांतपणे म्हणाल्या, “ही साधी. हा कर्करोग.”

आणि आमच्या वन्सं, कधी कुणापुढे न वाकलेल्या, स्टुलावरून ताडकन उठल्या, बक्षीस समारंभात आपलं नाव पुकारल्यासारखा हात वर केला आणि ओरडल्या, “तो माझा!”

सगळा विभाग हसला. डॉक्टरबाईही हसल्या. आणि मग मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला, खुर्ची मागे ओढली, आणि त्या तरुण मुलीला म्हणाल्या, “आता इथं तू बस.”

मला इथं बोलावल्याबद्दल संयोजकांची, शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल सभागृहाची, आणि चेहऱ्यावरचं हसू न ढळू दिल्याबद्दल सरांची मी ऋणी आहे. वैद्यकीय शब्द चुकले असतील, मर्यादा ओलांडून कुणाची थट्टा झाली असेल, तर ती या अनाडी मास्तरणीची गफलत समजून पोटात घाला. डॉक्टरबाई, तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना उदंड आरोग्य लाभो. वन्सं, उठा, तुम्ही आणलेली फुलं घेऊन वर या. नमस्कार.